कुलपाआडचा श्वास

मळणीयंत्र दिवसभर दारासमोर चाललं आणि सोयाबीनची धूळ लालीबाईच्या छातीत जाऊन बसली. दमा तिला जुनाच. पण संध्याकाळी तिला एक वाक्यही पुरं करता येईना, तेव्हा मात्र तिचा नवरा खेमसिंग घाबरला. तांड्याचा सरपंच तो, चार लोकांत छाती काढून बोलणारा. त्यांच्या मुलानं, बादलनं, आईला मोटारसायकलवरून आरोग्य उपकेंद्रात आणलं, तेव्हा हा बाप मागून अनवाणी धावत आला.

जुबैदा सिस्टरनं इंजेक्शन दिलं, वाफ दिली. तरी लालीबाईचे ओठ निळे पडत चालले. आर्णीहून अँब्युलन्स निघाली होती, पण पुलाचं काम चालू असल्यानं तिला लांबचा वळसा होता. कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं होतं.

"सरपंचभाऊ, बाजूच्या खोलीची चाबी द्या," सिस्टर म्हणाली.

खेमसिंगचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. त्या खोलीत हवेतून ऑक्सिजन काढणारी दोन यंत्रं खोक्यांत बंद होती. करोनानंतर दवाखाने सुधारायला केंद्रानं राज्याला पैसा दिला, राज्यानं यंत्रं घेतली, ट्रकनं ती तांड्यापर्यंत पोचलीही. पुढं मात्र ती खेमसिंगच्या कुलपापाशी अडली. आमदारांच्या हस्ते फीत कापायची होती ना! तारीख पुढं पुढं सरकत गेली आणि दोन दिवाळ्या उलटल्या.

"उद्घाटन नाही झालं अजून," तो पुटपुटला. "साहेबाले कळलं तर? आपल्या रस्त्याचं काम त्यायच्याच हातात हाय. अन् सरकारी माल, बिघडला तर मी कोनाले जवाब देऊ?"

बायको डोळ्यांसमोर घुसमटत होती आणि हा गडी साहेबाला भीत होता. भीतीची सवय जडली की माणसाचं असंच होतं.

"सरकारी म्हंजे कोनाचा, भाऊ?" सिस्टरचा आवाज चढला नाही. "तुमी चहापत्ती घेता, आमी साबन घेतो, त्याच्यातून कर जाते. तोच पैसा फिरून आपल्याकडं आला. करोनात लोकं श्वासासाठी तडफडून मेले, म्हनून आला. वरच्यायच्या हिशोबात तो खर्च झाला असन. माह्या हिशोबानं नाही झाला. पेशंटच्या नाकाले नळी लागन, तवा होईन."

लालीबाईनं नवऱ्याचा हात धरला. ती पकड सैल पडत चालल्याचं त्याला जाणवलं, आणि त्यानं चाबी बादलच्या हातात कोंबली.

पहिलं खोकं उघडताच उंदीर पळाला. वायर कुरतडलेली! खेमसिंगनं दुसरं खोकं ओढून फाडलं. यंत्र चांगलं आलं होतं, ते आपण सडवलं; आता दुसरंही तसंच निघालं तर हिला आपणच मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. बादलनं दुसऱ्या यंत्राची पिन लावली. लाल दिवा लागला. काहीच होईना. मग यंत्र घरघरलं, दिवा हिरवा झाला. सिस्टरनं नळी लावली. हळूहळू लालीबाईच्या ओठांवर रंग परतू लागला.

तोवर दारात माणसं जमली होती. त्यांत रुक्माबाई होती, डोमाजीची विधवा. गेल्या हिवाळ्यात डोमाजीला असाच दम लागला होता. सिस्टरनं तेव्हाही चाबी मागितली होती. पण खेमसिंग आमदारांच्या सभेला गेलेला. जीपनं नेता नेता डोमाजी वाटेतच गेला.

रुक्माबाईनं खोक्यावरच्या धुळीवरून बोट फिरवलं.

"सरपंच, हे मशीन तवाबी इथंच होतं काय?"

खोटं बोलायला जागा होती. खेमसिंगनं मान खाली घातली.

"होतं, माय. चाबी माह्या खिशात होती."

रुक्माबाईनं लालीबाईच्या उशाशी बसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. खेमसिंगला ते पाहवेना. त्यानं त्या खोलीच्या दाराचं कुलूप काढलं आणि बाहेरच्या विहिरीत टाकलं.

दिवाळीनंतर साहेबांच्या माणसाचा फोन आला, तारीख मिळाल्याचा. खेमसिंग भीतभीतच, पण बोलला. "मशीन चालू झालं, भाऊ. लोकं वापरून राह्यले. आता फीत कापाचं काही उरलं नाही."

वाचकहो, दिल्लीहून निघालेला पैसा कुठं मुरला हे आपण नेहमी वर बोट दाखवून विचारतो, आणि विचारायलाच हवं. पण कधीकधी तो अगदी आपल्या दारापर्यंत येतो आणि आपल्यातल्याच कुणाच्या तरी हौसेपायी, भीतीपायी तिथंच पडून राहतो. तुमच्याही गावात अशी एखादी बंद खोली असेल. तिची चाबी कोणाकडं आहे, ते आजच जाऊन विचारा. कुणा रुक्माबाईवर विचारायची पाळी येण्याआधी विचारा.