तांदळात सुकवलेला कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे. थोडं नाक वर करूनच सांगतो मित्रांनो, गोंदियाजवळच्या कुडव्यात राहून मी जेवढं जग पाहिलं, तेवढं आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नसेल.

कारखान्यात घडलो आणि नागपूरच्या दुकानातून कुडव्याच्या फोटोग्राफर रचनाच्या हाती आलो. तिचं कामच असं, की मुस्लीम देशांत जायचं आणि तिथल्या माणसांचं रोजचं जगणं टिपायचं. लढाया टिपणारे पुष्कळ असतात. ही टिपायची इस्तंबूलच्या बोटीवर चहा पिणारे कारकून, कैरोत डोक्यावर पावांची फळी घेऊन सायकल हाकणारा माणूस, जकार्तात हिजाबावर हेल्मेट चढवून कामाला निघालेल्या पोरी. "अगदी आमच्या कुडव्यातल्या स्कार्फवाल्या पोरी!" त्यांना पाहून ती हसली होती. समोरच्याला विचारल्याशिवाय तिनं मला कधी डोळ्याला लावलं नाही. शाबासकी तिला मिळायची आणि छाती माझी फुगायची.

बांगलादेशातल्या एका खेड्यात हालिमा नावाची बाई अंगणात धान उकडत होती. तिनं हसत हसत फोटो काढू दिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "अब तुम्हारी माँ का दिखाओ." रचना फोन चाळत राहिली. आईचा, म्हणजे अन्नपूर्णाबाईंचा, एकही धड फोटो नाही! जिथं तिथं पदराआड तोंड. बिचारी ओशाळली. "जरूर भेजूँगी," असा शब्द देऊन आली. ज्या कॅमेऱ्यानं हालिमाला टिपलं त्यानंच, म्हणजे मीच, आईलाही टिपायचं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं.

पण आई ऐकेल तर शपथ! "माहा एकटीचा फोटो कायले पाहिजे वो? एकटीचा फोटो मेल्यावर हारातच जाते."

एकदा दवनीवाड्याला मामाच्या शेतात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना रचनाचा पाय घसरला आणि मी चिखलपाण्यात डुबकी मारली. घरी आल्यावर ती दुरुस्तीवाल्याला फोन लावत होती, तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी मला गिरणीतून आलेल्या तांदळाच्या पिंपात गळ्यापर्यंत पुरलं. "मोबाइल तांदळात सुकते, तं हा काऊन नाही सुकन?" धानाच्या मुलखातली माया ती! सुकलो खरा, पण तांदळातला कोंडा माझ्या पोटात शिरला.

गोंदियाच्या दुरुस्तीवाल्यानं मला हलवून कानाशी धरलं. "अंदर तक कोंडा घुस गया, मॅडम. कभी भी बंद पड़ेगा. जो निकालना है, निकाल लो."

रचनाचा चेहरा उतरला. आता हालिमाला दिलेल्या शब्दाचं काय?

"माह्याच हातानं सत्यानाश झाला," अन्नपूर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"रडू नको, आई. बंद पडायच्या आधी त्याला तुझा एक फोटो काढू दे." आणि रचनानं हालिमाचा फोटो तिच्यापुढे धरला.

अन्नपूर्णाबाई पाहतच राहिल्या. तशीच चूल, तसंच धान, कपाळावर तसाच घाम.

"हिनं एकटीचा काढू देला?"

"हो."

"अन् काही झालं नाही हिले?"

"काय होते? कालच फोनवर भांडून राहिली होती. म्हणे, आईचा फोटो काऊन नाही धाडला!"

अन्नपूर्णाबाई खुदकन हसल्या. सूप हातात घेऊन दारात बसल्या आणि पदर स्वतःच खाली केला. "काढ लवकर. हा बिचारा जाईन नाहीतं."

खट्ट! मी सगळा जीव एकवटून त्यांना टिपलं आणि तिथंच अडकलो. त्यानंतर आजवर माझा आवाज निघालेला नाही. त्या फोटोत कोंड्याचे चार ठिपके आहेत, पण चेहरा कसा लख्ख आहे. रचनानं तो लगेच धाडला आणि हालिमानं घरात लावला आहे. इकडे कुडव्याच्या भिंतीवर दोघी शेजारी शेजारी आहेत, बिनहाराच्या.

मित्रांनो, आम्हाला कोरडं ठेवा, मऊ कापडानं पुसा आणि देवाशपथ, तांदळात पुरू नका. पण घरच्या माणसाचा फोटो राहिला असेल, तर आधी तो काढा. आम्ही बंद पडलो तर नवे मिळतात.

मी त्या दोघींखालच्या फळीवर असतो. अन्नपूर्णाबाई मला रोज पुसतात. आता घरात कुणी फोटोचं नाव काढलं, की बाकीच्यांना बाजूला सारून म्हणतात, "माहा एकटीचा काढजो!"