भूपाल मास्तरांची साक्ष

भूपाल मास्तरांना शब्दांचं भारी वेड. राजारामपुरीत भाजी घ्यायला गेले तरी 'कोथिंबीर' शब्द कुठून आला ते भाजीवालीला ऐकवून यायचे. निवृत्तीनंतर त्यांनी शब्दांच्या मुळांचं पुस्तकच लिहायला घेतलं, पण 'न्याय'पाशी घोडं अडलं ते मार्चपासून.

त्याला कारण तानाबाई. वीस वर्षं ती त्यांच्याकडे रोज तीन भाकऱ्या करत आलेली. मास्तरांना दोन, तिच्या स्वतःच्या लेकीच्या डब्याला एक. ती लेक, नर्सिंग शिकणारी स्नेहल, गेल्या वर्षी मास्तरांच्या दारासमोरच एका मोटारीखाली गेली. गाडी पळाली. पाहणारे एकटे मास्तर.

मार्चमध्ये कोर्टात आरोपीकडे बोट दाखवून वकिलानं विचारलं, "गाडी हाच चालवत होता?" नुसती मान हलवायची होती. पण सत्याचं व्रत घेतलेला हा माणूस! म्हणाले, "निळा शर्ट दिसला. चेहरा नाही दिसला." पोरगा सुटला. त्याच्या आईनं कोर्टाबाहेर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी तानाबाई वेळेवर कामाला आली. चकार शब्द बोलली नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. महिने गेले, आणि आज पीठ मळता मळता तिनंच विचारलं, "मास्तर, न्यायाचं काय लिवलंय वहीत?"

ती बोलली, एवढ्यानंच मास्तरांना हुरूप आला. "न्याय म्हणजे वस्तू जिथं परत जाते ती तिची मूळ जागा, असं जुने जाणकार सांगतात. इन्साफ अरबीतला. त्याच्या मुळाशी आहे अर्धा भाग. दोघांना सारखं, अर्धं अर्धं..."

बोलता बोलता आपण कुणाला काय सांगतोय हे त्यांना कळलं आणि वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

"अर्धं अर्धं व्हय?" तव्यावरची भाकरी उलटत तानाबाई म्हणाली. "त्या बाईला तिचं पोरगं आख्खं मिळालं की."

मास्तरांनी वही मिटून बाजूला सारली.

तिनं ताट वाढलं. तव्यावर तिसरी भाकरी फुगली होती. त्या भाकरीकडे बघून तानाबाई थबकली.

"हात अजून चुकतोय बगा. रोज तीनच हुत्यात."

तिनं ती भाकरी मधोमध मोडली, अर्धी मास्तरांच्या ताटात ठेवली, अर्धी स्वतःकडे.

"खोटं बोलला न्हाईसा, मला ठावं हाय," ती म्हणाली. "खावा."

मास्तरांनी घास मोडला. तो काही केल्या तोंडापर्यंत जाईना.