दुधाच्या पातेल्यातली चावी

समीक्षकांइतकी बिनडोक जमात मी दुसरी पाहिली नाही. माझ्या शाईच्या चित्रात मासा दिसला की यांना वासना दिसते, शिडी दिसली की महत्त्वाकांक्षा. अरे, मासा म्हणजे मासा! माझ्या बायकोला स्वप्नात जिन्यावर मासे दिसले, मी काढले, संपलं.

हो, स्वप्नं तिची. मला पडतच नाहीत. उशीला डोकं टेकलं की मी ओंडका. वीस वर्षं हाच शिरस्ता. सकाळी चहा झाला की ही स्टुलावर बसून स्वप्न सांगणार आणि मी टाक बुडवून काढत जाणार. खाली सही अर्थातच माझी. स्वप्नं काय, कोणालाही पडतात. हिला साधी सरळ रेघ मारता येत नाही.

प्रदर्शनाला आठ चित्रं हवी होती, नाहीतर हॉल दुसऱ्याला जाणार. आणि सातव्यानंतर हिची स्वप्नं आटली. महिनाभर "काही दिसलं नाही हो" एवढंच. मी भडकलो. "एवढं एक काम तुला, तेही धड होत नाही?"

दुसऱ्या दिवशी ती आपणहून स्टुलावर बसली.

"अहो, हे स्वप्न नाहीये..."

"प्रस्तावना नको. शाई सुकतेय."

मग ती सांगत गेली. एक बाई दारावरची पाटी काढते. घराची चावी दुधाच्या पातेल्यात टाकते. बॅग उचलून निघते, मागे बघत नाही.

"बॅग कुठल्या हातात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "उजव्या," म्हणाली.

चित्र झकास उतरलं. उद्घाटनाला ही डोकं दुखतंय म्हणून आली नाही. बरंच झालं, तिला तिथलं काय कळणार होतं? एका चष्मेवाल्या समीक्षकानं आठव्या चित्रासमोर अर्धा तास अकलेचे तारे तोडले. दूध म्हणजे मातृत्व, बाई म्हणजे कलावंताचा आत्मा. हॉलच्या मालकानं पुढच्या वर्षासाठी बारा चित्रं मागितली. मी हो म्हणून टाकलं.

घरी आलो तर दारावर पाटी नव्हती, नुसती चार भोकं. कुणीतरी पळवली असेल म्हणून चरफडत माझ्याजवळच्या चावीनं लॅच उघडलं. हाका मारल्या. ओ नाही. स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं. वर साय धरली होती, काही दिसेना. बाही सरसावून हात घातला. दूध अजून कोमट होतं. तळाशी बोटांना चावी लागली.

आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चित्रात साय दाखवायची राहून गेली. समीक्षकांना बिनडोक म्हणत होतो मी!