मांडी भरली

आणीबाणी उठली त्या साली कन्हानच्या रुपराव पहिलवानाची बायको इंदूबाई नागपूरच्या इस्पितळात पडून होती. स्नायूंना सूज येऊन ते झिजत जाण्याचा रोग. उठवेना, बसवेना, मांड्या वाळून काड्या झालेल्या. त्यात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली, म्हणून रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू होती. "हिचं अंग कुणी दाबू-चोळू नका," असं डॉक्टरांनी रुपरावला बजावलं.

बजावलं कुणाला, तर ज्यानं अर्ध्या तालुक्याला लंगोट बांधायला शिकवलं त्याला! डॉक्टर तर असा काडीपहिलवान, की त्याच्या पिंढऱ्या विजारीत शोधाव्या लागत. असल्या माणसानं स्नायूंबद्दल बोलावं? रुपरावला हसूच आलं. नर्सची पाठ वळली की तो गादीखालची तेलाची बाटली काढायचा आणि आखाड्यातल्या मालिशीचा हात चालवायचा. बायकोवर त्याचा जीव होता, हे मात्र खरं. जीव होता, अक्कल नव्हती.

"दुखते जी," इंदूबाई कळवळायची.

"दुखते म्हंजे बनते," रुपरावचा जबाब ठरलेला.

आणि काय नवल! दोन-तीन दिवसांत उजवी मांडी टरारून वर आली. रुपरावला आभाळ ठेंगणं झालं. कन्हानहून भेटायला आलेल्या नत्थूजीसमोर त्यानं चादर थोडी सारली. "पाह्य गा! डॉक्टरच्यानं नाही झालं, थे या हातानं झालं. मांस धरून राहिलं!"

"पन निळी काहून दिसून राहिली?"

"जुनं रगत वर येऊन राहिलं. तुले काय समजते?"

नत्थूजीला खरंच काही समजत नव्हतं. त्यानं मान डोलावली. "मले अंधारी येते," इंदूबाई म्हणाली. तिला दूध पाजण्यात आलं.

संध्याकाळच्या फेरीत डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली. आत पांढरीफटक. मग मांडी पाहिली. "हे मांस नाही, रुपराव. रक्त आहे. हिच्या अंगातलं रक्त इथं साठलंय."

धावाधाव झाली. रुपरावनं दंड पुढे केला, "लागन तेवढं घ्या." रक्ताची बाटली लागली, पण मांडी फुगतच राहिली.

तालुक्याचा उस्ताद खाटेशी उभा राहून लेकरासारखा रडू लागला. काही सुचेना, म्हणून इंदूबाईच्या कपाळावरून फिरवायला त्यानं हात पुढे केला. तिनं डोळे उघडले आणि कष्टानं मान भिंतीकडे वळवली.

"हात नका लावू जी," ती म्हणाली.

त्यानंतर त्यानं तिला हात लावला, तो तिरडीवर ठेवतानाच.