थंडीची वाट

झेनॉन पिएत्राशिकला द्राक्षं आवडत नव्हती, वाइन आवडत नव्हती, आणि वाइन पिताना डोळे मिटून घेणारी माणसं तर डोळ्यांसमोर नको असायची. आता या तिन्ही गोष्टी त्याच्याच अंगणात नांदत होत्या आणि त्यांना आत घेणारा त्याचाच मुलगा होता.

लिपोव्याच्या उतारावर चाळीस वर्षं पिएत्राशिकांची सफरचंदं होती. वरच्या अंगाला आयदारेड जातीची, खालच्या अंगाला जुनी आंतोनुव्का. पाच वर्षांपूर्वी मुलगा, चारेक, वॉर्सामधली बँकेतली नोकरी सोडून बायकोसकट परत आला आणि त्या हिवाळ्यात पिवळं यंत्र आणून त्यानं तीन आठवड्यांत सगळी बाग मुळासकट उपटली. वसंतात तिथं द्राक्षवेली आल्या. सफरचंदाला आता कुत्रं विचारत नाही, म्हणाला. ते खरं होतं, म्हणून झेनॉनला जास्तच झोंबलं. जमीन मुलाच्या नावावर करून तो पेन्शनीत निघाला होता, त्यामुळे त्याला अडवण्याचा हक्क राहिला नव्हता. तोंड होतं. ते मात्र त्यानं हात राखून वापरलं नाही.

आणि बोलायला विषय तरी किती. सूनबाई डागमारा पाहुण्यांना बकरीचं चीज काळ्या दगडावर वाढायची. घरात कपाटभर ताटल्या असताना दगडावर. वाइन चाखायला आलेले पाहुणे मोटारीतून उतरायचे, पांढऱ्या बुटांना माती लागली की ओरडायचे, मग गच्चीवर बसून पेल्यात नाक खुपसायचे. एकदा एका चष्मेवाल्यानं बराच वेळ डोळे मिटून जाहीर केलं की हिच्यात कच्च्या सफरचंदाचा गंध आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. झेनॉन खाली बाकावर चरबी लावलेला पाव खात बसला होता.

"सफरचंदं होती तेव्हा रस्त्यावर फुकट देत होतो," तो वर बघत म्हणाला. "तेव्हा नाही कुणाचं नाक पोचलं इथवर."

पाहुणे हसले. म्हातारा गमतीदार आहे, त्यांना वाटलं. हे तर झेनॉनला शिवीपेक्षा लागलं. आपण त्यांना कस्पटासमान लेखतोय हेसुद्धा कळू नये इतकी ही माणसं निर्बुद्ध, याचं त्याला मनापासून दुःख झालं.

गेल्या शरदात थुजाची दाट, सदाहरित झाडं आली. उताराच्या तळाशी, रस्त्याच्या कडेनं, माणसापेक्षा उंच अशी साठ झाडं, खांद्याला खांदा लावून. पाहुण्यांना रस्ता दिसतो आणि रस्त्यापलीकडचं खतांचं दुकान दिसतं, म्हणून. आपल्या लोकांना थुजाचं काय वेड आहे कोण जाणे. घर बांधलं की थुजा, कुंपण म्हटलं की थुजा. शेजाऱ्याचं तोंड दिसायला नको, एवढ्यासाठी आख्खा देश हिरव्या भिंती बांधत सुटलाय.

झेनॉन कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि मग सुटला.

"वा, सूनबाई. दगडावर जेवण झालं, मातीत चालायला नाटकातले बूट झाले, आता दारात स्मशान. थुजा कुठं लावतात माहीत आहे का? कबरींना. गुदमरून मराल सगळे, तुम्ही आणि ती तुमची बोरं. आम्ही खालचं अंग मोकळं ठेवायचो. पण आमचं काय, आम्ही अडाणी. तुम्ही बँकेत बसून शेती शिकलात. तुमच्यापुढे कोण बोलणार?"

"तुम्ही बोलताय की बाबा, पंधरा मिनिटं," चारेक म्हणाला आणि खड्डे खणणाऱ्या माणसाला त्यानं पुढचं झाड आणायला सांगितलं.

डागमारा आपल्या बुटांकडे बघत होती.

मे आला. वेलींना वीतभर कोंब फुटले. मेच्या मध्यावर तीन थंड संतांचे तीन दिवस आणि चौथा त्यांच्या मागून येणाऱ्या थंड झोशका संतिणीचा. हे चार दिवस उलटेपर्यंत रात्री दंव गोठायची भीती, म्हणून लिपोव्यात कुणी टोमॅटोचं रोप बाहेर लावत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. झोशकाच्या आदल्या दुपारी चारला वारा पडला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वर गच्चीवर दोन मोटारी भरून पाहुणे आले होते आणि चारेक त्यांना कसलासा नकाशा दाखवत होता.

झेनॉन बाकावरून उठला आणि उतारानं खाली कुंपणापर्यंत गेला. ऊन होतं, तरी थुजाच्या सावलीत त्याच्या पोटऱ्यांना गार लागलं. थंड हवा पाण्याच्या जातीची. जड असते, उतार बघून खाली वाहते आणि वाट मिळाली तर निघून जाते. इथं तिला वाट नव्हती. आज रात्री ती वरून येणार, या हिरव्या भिंतीला अडणार आणि तळं साचावं तशी ओळीमागून ओळ वर चढत जाणार. पहाटेपर्यंत अर्धा मळा त्यात बुडालेला असेल.

खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. उद्या सकाळी काळे पडलेले कोंब घेऊन चारेक उभा असेल, आणि आपण फक्त "बरं झालं" म्हणायचं. दोन शब्द. पाच वर्षांची भरपाई. काठीला लटकवलेली यंत्रं थंडी मोजतील, सूनबाईच्या मोबाईलवर आकडे पाठवतील. पाठवू देत. मोजून थंडी हटत असती तर वॉर्सामध्ये बर्फ पडलाच नसता.

पण झेनॉनला ही गोष्ट पुस्तकातून कळलेली नव्हती. तेवीस वर्षांपूर्वी सफरचंदाचे रिकामे लाकडी खोके कोठीपर्यंत ओढायचा त्याला कंटाळा आला होता. ते त्यानं याच जागी, तळाशी, दोन माणसं उंच रचून ठेवले. झोशकाच्या सकाळी आंतोनुव्काच्या खालच्या चार ओळींवरची मिरीएवढी फळं आतून काळी निघाली. बाकी बाग ठणठणीत. त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्यानं गावभर सांगितलं की रोपवाल्यानं सडकी कलमं दिली. रोपवाला मरेपर्यंत दोघांचं बोलणं नव्हतं. त्याच्या अंत्ययात्रेलाही झेनॉन गेला नाही.

त्यानं जवळच्या वेलीचा एक कोंब बोटांवर घेतला. पानांच्या आत टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या मण्यांचा घोस धरत होता. झेनॉनला त्याची दया आली असं कुणी समजू नये. त्याला संताप आला. या जमिनीवर दुसऱ्यांदा, आणि तेही असल्या टिनपाट कारणासाठी? खतांचं दुकान दिसतं म्हणून?

तो कोठीत गेला आणि साखळीची करवत घेऊन आला.

थुजाची खोडं मनगटाएवढी. एकेक झाड लोण्यासारखं कापलं जात होतं. पाडायचं, ओढायचं, रस्त्याकडेच्या चरात लोटायचं. पाचव्या-सहाव्या झाडापर्यंत वरच्या पाहुण्यांना वाटलं काही कामच चाललंय. मग ते पेले हातात घेऊन खाली आले आणि मोबाईलवर फोटो काढू लागले. मधल्या वेळात गावात गेलेला चारेक परतून धावत आला तेव्हा बेचाळीस झाडं चरात पडली होती आणि म्हाताऱ्याच्या शर्टाचं फडकं झालं होतं. चारेकनं करवत त्याच्या हातातून ओढून घेतली.

"काय करताय हे? वेड लागलं का तुम्हाला?"

आता सांगायचं होतं. एवढंच सांगायचं होतं की आज रात्री दंव गोठणार आहे आणि हवेला वाट हवी. पण सगळे बघत होते, चष्मेवाला तर तोंड उघडं टाकून बघत होता, आणि झेनॉनच्या जिभेवर आधीपासून दुसरंच तयार बसलेलं होतं.

"तुझे पाहुणे कंटाळलेले दिसले," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं रस्ता तरी बघू देत. घरी कसं जायचं ते कळेल."

चारेकचा चेहरा पांढरा पडला. "उद्यापासून मळ्यात पाय ठेवायचा नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "घरात राहा, बाकावर बसा. इथं यायचं नाही."

सकाळी रस्त्यापलीकडचं कुरण पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं होतं. खालच्या खोलगटात शेजारी वालेन्तीचा द्राक्षमळा होता. दुपारपर्यंत तिथले सगळे कोंब काळे होऊन लोंबायला लागले. पिएत्राशिकांच्या मळ्यात शेवटच्या ओळीची काही टोकं तेवढी करपली. रविवारी चारेकनं नव्या पाहुण्यांना हात पसरून सांगितलं की आमच्या उताराची हवाच वेगळी आहे, ही जागा निवडतानाच आम्ही ते हेरलं होतं. झेनॉन बाकावरून ऐकत होता. हेरलं म्हणे. याच्या आजोबानं ही जागा निवडली, कारण दुसरी मिळत नव्हती.

बुधवारी डागमारा त्याच्या स्वयंपाकघरात आली. असं ती कधी येत नसे. खुर्ची ओढून बसली आणि तिनं मोबाईल टेबलावर ठेवला. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक गेल्या महिन्यातल्या एका थंड रात्रीची, एक झोशकाची.

"एप्रिलमध्ये तळाशी वरच्यापेक्षा पाच अंश कमी होतं," ती म्हणाली. "तेव्हा कोंब नव्हते म्हणून निभावलं. झोशकाच्या रात्री फरक जेमतेम दीड अंश. मध्ये बदललं फक्त कुंपण. मी आठवडाभर हेच बघतेय. तुम्ही मळा वाचवलात, बाबा."

झेनॉननं चहाचा पेला फिरवला. "यंत्रानं सांगितलं वाटतं. मी शरदातच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"हेच."

"नाही. मला शब्दन् शब्द आठवतो. तुम्ही बोलता ते विसरताच येत नाही कुणाला. दगडावरचं जेवण, माझे बूट, स्मशान, कबरी, बोरं, बँक. त्यात एक वाक्य कामाचं होतं, खालचं अंग मोकळं ठेवायचो म्हणून. ते मला आत्ता सापडलं, या रेघा बघितल्यावर. तेव्हा मी माझ्या बुटांकडे बघत होते."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर झेनॉनला बरं वाटलं असतं. तो टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत राहिला.

"चारेकला दाखवलंय मी हे," ती उठत म्हणाली. "नवी झाडं शुक्रवारी येतायत. तो म्हणतो, असं असेल तर बाबांनी येऊन मला सांगावं. एकदा, सरळ. टोमणा न मारता. मग झाडं परत पाठवतो. मी त्याला म्हटलं हा पोरकटपणा आहे. तुम्ही दोघं एकाच मातीचे. पण बाबा, तो हट्टाला पेटलाय असं समजू नका. तो खरंच वाट बघतोय."

ती गेल्यावर झेनॉनच्या मनात आलं, बघा साहेबाचा थाट, बापानं अर्ज घेऊन जायचं. मग तेही विरलं. वाट बघतोय हा शब्द काही केल्या बाजूला सरकेना. चारेक सात वर्षांचा असताना पहिलं कलम बांधून बापाकडे घेऊन आला होता. कलम बरं बांधलं होतं. आपण तेव्हा काय म्हणालो ते झेनॉनला आठवलं, आणि त्यानं पेला सिंकमध्ये नेऊन विनाकारण तीनदा धुतला.

शुक्रवारी तो दाढी करून निघाला. वाटेत त्यानं सगळं जुळवलं. थंड हवा खाली वाहते, कुंपण तिला अडवतं. मी एकदा इथं खोके रचून चार ओळी घालवल्या होत्या, म्हणून मला माहीत आहे. झाडं लावू नकोस. तीन वाक्यं. लहान मूलही पाठ म्हणेल.

ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता, जाळ्यात गुंडाळलेली झाडं घेऊन, आधीच्यापेक्षा हातभर उंच. चालक कागद पुढे करून उभा, आणि चारेकच्या हातात पेन. बाप येताना दिसला तसा चारेक थांबला. त्यानं पेन खाली केलं. चेहऱ्यावर राग नव्हता. अगदी लहानपणचा चेहरा होता, आणि नेमकं तेच झेनॉनला सोसेना.

त्यानं तोंड उघडलं.

"सही करायला शिकवतात ते एक बरं करतात बँकेत," तो म्हणाला. "नांगर धरता आला नाही तरी सही झकास."

चालक हसला. चारेक हसला नाही, पण त्यानं सहीही केली नाही. तो बापाकडे बघत राहिला. आणखी काही येईल म्हणून त्यानं वेळ दिला, भरपूर दिला.

"बाबा," तो म्हणाला. "आणखी काही सांगायचंय?"

ती तीन वाक्यं झेनॉनच्या घशाशी आली होती. त्याला ती जाणवत होती, दातांच्या मागे.

"सांगायचं काय," तो म्हणाला. "दाट लाव. उंदीरही जायला नको."

चारेकनं मान हलवली आणि कागद ट्रकच्या दारावर ठेवून सही केली. चालकानं मागची फळी पाडली. दोघांनी मिळून पहिलं झाड उतरवलं आणि जुन्या बुंध्याशेजारी आणून ठेवलं.

झेनॉन चढ चढून घरी निघाला. अर्ध्या वाटेत, ओळींच्या मधोमध, त्यानं ती तिन्ही वाक्यं म्हटली. मोठ्यानं म्हटली, खोक्यांसकट, एक शब्द न चुकता. खाली फावड्याचा आवाज चालू होता.