ऋत्विकची साक्ष

‘मोहरी’ हे बँडचं नाव ऐकून लोक आधी मसाल्याचं विचारायचे. महाडच्या बाजारपेठेत बॅनर छापायला टाकला, तर छापणाऱ्याने आपल्या मनानेच कोपऱ्यात फोडणीची पळी काढून ठेवली. सुहासने ती काढायला लावून तिथे गिटार घालून घेतली. बायबलमधल्या, पुढे मोठं झाड होणाऱ्या मोहरीच्या इवल्या दाण्यावरून हे नाव आहे, हे तो सगळ्यांना सांगत बसायचा. ऋत्विकला मात्र ते बँडमध्ये येऊन तीन-चार महिने झाल्यावर कळलं. तोवर त्यालाही कुणाची तरी मसाल्याची जाहिरात असेल असंच वाटत होतं.

ऋत्विक पोलादपूरकडचा, कशेडी घाटाखालच्या एका वाडीतला. त्याचा बाप भागोजी खालू बाजा वाजवायचा. ढोल, टिमकी, सनई घेऊन सात-आठ जणांचा ताफा लग्नाला, पूजेला, शिमग्यात काळकाई देवीच्या पालखीपुढे जायचा. ऋत्विकच्या हातात टिमकीच्या काड्या शाळेत जायच्या आधी आल्या. पुढे तो गणपतीत बँजो पार्टीबरोबर ड्रम वाजवायला लागला आणि एरवी महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होता. सुहास साळवे त्याच कंपनीत लॅबमध्ये. विसर्जनाच्या मिरवणुकीत टेम्पोवर वाजवताना त्याने ऋत्विकला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये येऊन समोर बसला.

“आमचा ड्रमर दुबईला गेला. रविवारी दुपारी येशील वाजवायला? चर्चमध्ये.”

“काय वाजवायचं?”

“रॉक.”

“चर्चमधी रॉक?”

“म्हणून तर कोणी मिळत नाही,” सुहास म्हणाला.

सुहासचे वडील त्या छोट्या चर्चचे पाळक, नगरकडून इकडे आलेले. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सतरंज्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असत, त्यांच्यामधल्या जागेत बँड बसायचा. सुहास गिटारवर. गाणी लिहायची आणि गायची त्याची बहीण प्रियदर्शिनी. ती एका दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून आली तरी सराव चुकवायची नाही. बेस गिटारसाठी आलटूनपालटून कुणी ना कुणी मिळायचं.

प्रियदर्शिनीची गाणी इतर उपासनेच्या गाण्यांसारखी नव्हती. त्यांत देवाची स्तुती कमी आणि त्याला विचारणं जास्त. एकवीस सालच्या पुरात सावित्रीचं पाणी चर्चमध्ये शिरलं होतं. ते ओसरल्यावर तिने चार दिवस फावड्याने चिखल ओढला होता. त्यावरचं गाणं ‘चिखल’. त्यात ती म्हणायची:

*मातीचा माणूस केलास तूच,*
*मग पाणी का सोडलंस?*

चर्चच्या मंडळीतल्या दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी पाळकांकडे तक्रार केली की हे देवाला जाब विचारणं झालं. साळवे पाळक शांतपणे म्हणाले, “बायबलमधली स्तोत्रं काढून बघा. निम्मी तक्रारच आहे.” आणि सराव चालू राहिला.

‘चिखल’ला ऋत्विकने जो ताल लावला, त्याने बँडचं नशीब बदललं. कडव्यात सगळं दबकं, जवळजवळ थांबलेलं. आणि ‘पाणी का सोडलंस’ या शब्दांवर स्नेअर ड्रमवर टिमकीसारखा तडतडाट, खाली पायाने ढोलाचा ठेका. त्यावर सुहासची गिटार करवतीसारखी फाटत यायची. पुण्यात एका मित्राच्या स्टुडिओत त्यांनी चार गाणी रेकॉर्ड केली. मग पनवेलला, चिपळूणच्या कॉलेजात, पुण्यातल्या एका कॅफेत कार्यक्रम झाले. ख्रिस्ती नसलेली पोरंही ‘चिखल’ मागायला लागली. त्याचा व्हिडिओ चर्चमध्येच काढला होता. ऋत्विकच्या बरोबर डोक्यामागे भिंतीवरचा क्रूस दिसायचा.

तो व्हिडिओ वाडीच्या मुंबईकरांच्या ग्रुपवर फिरला, आणि भागोजीचा पोरगा बाटला अशी बोंब उठली. शिमगा दोन महिन्यांवर होता. गावकीची बैठक बसली. सोनबा तात्या गावकीतले मोठे. ते म्हणाले, ज्याच्या घरात असं, त्याचा बाजा पालखीपुढे नको, यंदा दुसऱ्या गावचा बोलवू. भागोजी मान खाली घालून उठून आला. रविवारी एसटीने महाडला उतरला आणि विचारत विचारत चर्चच्या हॉलपर्यंत पोचला.

बापाला दारात बघून ऋत्विकच्या हातातली काडी थांबली.

“तू पाणीबिणी घेतलंस काय त्यांचं? बाटलास काय?” भागोजीने सरळ विचारलं.

“नाय बाबा. मी नुसता वाजवतो.”

“गावात सांगितलंस?”

“फोन करकरून सांगितलं. कोण ऐकतंय?”

प्रियदर्शिनीने खुर्ची पुढे केली, चहा आणला. भागोजी बसला. म्हणाला, “वाजवा. आलोय तर ऐकतो.”

त्यांनी ‘चिखल’ वाजवलं. पहिलं कडवं संपून तडतडाट सुरू झाला तसा भागोजी ताठ झाला. गाणं संपल्यावर तो ऋत्विककडे वळला.

“हे पालखी उचलायच्या टायमाचं हाय.”

ऋत्विकने मान खाली घातली. “हां.”

“देवीचं वाजाप हाय ते, ऋत्विक. ते तू हितं आणलंस?”

सुहास आणि प्रियदर्शिनीने एकमेकांकडे पाहिलं. तो ताल कुठला, हे ऋत्विकने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. प्रियदर्शिनी भागोजीसमोर जमिनीवर बसली.

“काका, आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणाल तर काढून टाकू. खरंच काढू.”

“गो बाय, आधी तू म्हणतेस काय ते मला नीट सांग. आवाजात काय कळलं नाय.”

तिने गाण्याचे शब्द नुसते वाचल्यासारखे सांगितले. चिखलाने भरलेली बाकं, उलटी पडलेली पेटी, आणि तो प्रश्न. भागोजीची बहीण काशीबाई त्याच पावसात, डोंगर खाली आला तेव्हा घरासकट गेली होती. तिसऱ्या दिवशी सापडली. भागोजीने तोंडावरून हात फिरवला.

“आमी पन देवीला हेच इचारलं होतं,” तो म्हणाला. “ती काय बोलली नाय.” मग उठता उठता म्हणाला, “असू दे. ठेवा तो ताल.”

त्याच महिन्यात पुण्याहून फोन आला. ख्रिस्ती तरुणांचा मोठा संगीत मेळावा. राज्यभरातले बँड, हजारभर पोरं. अशा मेळाव्याची सुहास कित्येक वर्षं वाट पाहत होता. आयोजकांनी एकच विचारलं: बँडमधला प्रत्येक जण स्टेजवर साक्ष देतो, म्हणजे प्रभूने आपलं आयुष्य कसं बदललं ते दोन शब्दांत सांगतो. ड्रमर कुठल्या मंडळीचा?

“आमच्याच चर्चमध्ये येतो,” सुहास म्हणाला.

फोन ठेवल्यावर प्रियदर्शिनी भडकली. “हे खोटं आहे.”

“येत नाही का तो चर्चमध्ये? दर रविवारी येतो!”

“तुला माहितेय त्यांनी काय विचारलं ते.”

भावा-बहिणीत आठवडाभर अबोला राहिला. शेवटी ऋत्विकच म्हणाला, “ताई, मी सांभाळतो. प्रभूचे आभार मानतो म्हणेन. त्यात काय खोटं नाय.” आणि त्याने मनात तेच ठरवलं होतं.

मेळाव्यात त्यांचा नंबर दुपारनंतर लागला. सुहासची साक्ष झाली, प्रियदर्शिनीची झाली. मग सूत्रसंचालकाने माइक ड्रमपाशी आणला आणि हसून विचारलं, “आणि ऋत्विक, प्रभूने तुला कुठून बाहेर काढलं?”

ठरवलेलं वाक्य या प्रश्नाला बसेना. समोर हजार तोंडं वर करून बसलेली. ऋत्विकला वाटलं, आता आभार मानले तर बापाने गावकीत खाली घातलेली मान खरी ठरेल, आणि ताईने भावाशी धरलेला अबोला फुकट जाईल.

“मला कुठून काढलेलं नाही,” तो म्हणाला. “मी ख्रिस्ती नाही. माझे वडील देवीच्या पालखीपुढे बाजा वाजवतात. आता जे गाणं वाजवणार आहोत, त्यातला ताल त्यांचा आहे. त्यांनी तो ठेवा म्हणून सांगितलंय. आमची आत्या दरडीत गेली. ताईने गाणं चिखलावर लिहिलंय, पण वाजवताना मला ते आत्याचं वाटतं. बाकी मला बोलता येत नाही.”

प्रियदर्शिनीने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याने चार ठोके दिले.

इतकं चांगलं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. गाणं संपल्यावर आधी मागच्या बाजूने टाळ्या आल्या, मग सगळीकडून. काही पोरी रडत होत्या. पण दुसऱ्या गाण्याला, वेळ संपली असं सांगून माइक बंद केला गेला. स्टेजमागे आयोजक सुहासला म्हणाले, “तुम्ही आम्हाला फसवलंत.” आणि ते खरंच होतं. त्यानंतरचे, इतर चर्चमध्ये ठरलेले दोन्ही कार्यक्रम रद्द झाले.

तिकडे ऋत्विकच्या बोलण्याचा तुकडा कुणीतरी मोबाइलवर काढला होता. तो मुंबईकरांच्या ग्रुपवर आला आणि वाडीतलं वारंच फिरलं. सोनबा तात्या स्वतः भागोजीच्या अंगणात आले. ऋत्विक घरीच होता.

“शाबास रे!” तात्या म्हणाले. “त्यांच्यात जाऊन त्यांचंच नाक कापलंस. भागोजी, बाजा तुझाच.”

भागोजीचा चेहरा खुलला. ऋत्विकला गप्प बसता आलं असतं. पण पुण्याहून येताना गाडीत सुहास खिडकीकडे तोंड करून बसला होता, ते त्याला दिसत होतं.

“तात्या, मी कुणाचं नाक कापायला गेलो नव्हतो. ती माझी माणसं हायत. रविवारी मी परत तिथंच वाजवायला जाणार.”

“म्हंजे? तिथंच?”

“हां. आणि काय विचारायचं ते मला विचारा. बाबांना नको.”

तात्यांनी भागोजीकडे पाहिलं. भागोजी म्हणाला, “पोरगा खरं बोलतोय. तिकडं पन खरंच बोलला.” तात्यांनी पायातली चप्पल उगाच नीट केली आणि ‘बघू’ म्हणून ते निघून गेले. दुसरा बाजा ठरवायला कुणी गेलं नाही. शिमग्यात पालखीपुढे भागोजीच होता, आणि टिमकीवर ऋत्विक. दोन-तीन घरांनी त्या वर्षी पालखी दारात आली तेव्हा भागोजीच्या माणसांना पाणी विचारलं नाही, तेवढं सोडलं तर सगळं रीतीप्रमाणे झालं.

सुहासला सावरायला वेळ लागला. कंपनी सोडून तो पुण्याला गेला आणि एका मोठ्या चर्चमध्ये गिटार वाजवायला लागला. तिथली गाणी गोड होती, पगार बरा होता. उन्हाळ्यात एका शनिवारी तो न कळवता चर्चच्या हॉलमध्ये येऊन उभा राहिला. प्रियदर्शिनी आणि ऋत्विक नुसत्या ड्रमवर एक नवीन गाणं बसवत होते.

“ऋत्विक,” सुहास म्हणाला, “मी तुला विचारायला हवं होतं. आयोजकांशी फोनवर बोलायच्या आधी.”

“मी नाय म्हटलं असतं.”

“तेच.”

प्रियदर्शिनीने त्याच्या पायाशी वायर सरकवली. “लाव गिटार. मधला भाग आम्हाला जमत नाहीये.”

त्या पावसाळ्यात सुहास दर शनिवारी घाट उतरून येत राहिला. वरंधचा रस्ता बंद झाला की ताम्हिणीने लांबून यायचा. गणपतीआधी ‘मोहरी’चा पहिला पूर्ण अल्बम निघाला. मेळाव्यांना त्यांना कुणी बोलवत नाही; कॉलेजं आणि कॅफे बोलावतात. मंडळीतले ते वडीलधारे अजून नाराज आहेत. नवीन गाण्याचा वेग किती ठेवायचा, यावर ऋत्विक आणि सुहासचं अजून जमलेलं नाही, आणि प्रियदर्शिनी म्हणते की दोघंही चुकताहेत.