‘हरकत नाही’विरुद्ध हरकत

पोरींची शर्यत ‘हरकत नाही’ने जिंकली. एका मानेने.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आज शुक्रवार आहे, सकाळचे साडेसहा वाजलेत, शर्यत उद्या दुपारी आहे आणि कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नाही. मला तर मुळीच नाही, कारण मी तज्ज्ञ आहे. शर्यतीच्या पुस्तिकेत ‘कोण कितपत पाण्यात’ नावाचं पान असतं, ते मी लिहितो. त्यासाठी दर शुक्रवारी वही घेऊन तबेल्यांच्या रांगेतून हिंडतो आणि प्रत्येक ट्रेनरकडून ‘यंदा आमचीच’ हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहून घेतो.

पोरी म्हणजे दोन वर्षांच्या घोड्या. घोडी म्हणावं तर अजून वय नाही, शिंगरू म्हटलेलं त्यांना खपत नाही. अंतर हजार मीटर. म्हणजे जेमतेम एक मिनिट. तेवढ्यात आमच्या संपादकांना कपाळावरचा चष्मासुद्धा सापडत नाही.

पहिला तबेला ‘मधली सुट्टी’चा. तांबूस रंग, पाय लांब, नजर चौकस. ही सुटते अशी, की बाकीच्या पोरींना वाटावं आपण चुकीच्या दिवशी आलो. पाचशे मीटरपर्यंत तिला तोड नाही. त्यानंतर ती विचारात पडते.

“अंतर झेपत नाही का तिला?” मी ट्रेनरला विचारलं.

“झेपतं की. पटत नाही.”

मी लिहिलं : अर्धी शर्यत नक्की जिंकेल.

पुढची ‘दुसरं बोला’. काळीभोर, चकचकीत, दिसायला पाचही जणींत उजवी. तिच्या जॉकीच्या शर्टाला एकच बाही होती.

“चावते?”

“छे हो,” तो दोन पावलं मागे सरकत म्हणाला. “लक्षात ठेवते.”

मी लिहिलं : जिद्दी स्वभाव. आणि वही खिशात टाकून मगच तिच्यासमोरून गेलो.

‘पापणी’ आजवर एकही शर्यत हरलेली नाही, कारण ती एकही पळलेली नाही. मी गेलो तेव्हा ती आडवी पडून घोरत होती. घोडे उभ्याने झोपतात असं मी याच पानावर तीनदा छापलंय, त्यामुळे मला जरा वैयक्तिक लागलं.

“उठवू का?” ट्रेनरने विचारलं.

“नको. उद्या उठेल ना?”

“बघू या,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात निदान प्रामाणिकपणा होता.

मग बडे मास्तरांचा तबेला. चाळीस खण, प्रत्येक खणाला पंखा, आणि दारावर पितळी पाटी. मास्तर मिशीही त्या पाट्यांच्याच पॉलिशने चमकवतात असा प्रवाद आहे. त्यांची ‘सम्राज्ञी’ दोन शर्यती पळली, दोन्ही जिंकली. उभी राहते ती फोटोसाठीच.

“लिही, जिंकणार,” मास्तर म्हणाले.

“कारण काय लिहू?”

“कारण कशाला? माझं नाव लिही.” मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, “आणि तुझ्या आत्याची ती पोर. काय ते नाव! हाक मारली की आपणच कुणालातरी माफ केल्यासारखं वाटतं. सोमवारी माझ्याकडे आली की आधी नाव बदलतो.”

“सोमवारी? तुमच्याकडे?”

“आत्याला विचार,” ते म्हणाले आणि सम्राज्ञीला केळं सोलून देऊ लागले.

आत्याचा तबेला रांगेच्या टोकाला. चार खण. त्यांतल्या तीन खणांत निवृत्त घोडे आहेत, ते आता फक्त मान हलवून मतं देतात. चौथ्यात ‘हरकत नाही’. बदामी रंग, एक कान नेहमी अर्धा वळलेला, कपाळावर कुणीतरी खडूने सुरू करून सोडून दिल्यासारखा पांढरा ठिपका. आई गेली तेव्हा ही बारा दिवसांची होती. आत्याने बाटलीने दूध पाजून वाढवली.

नावाची भानगड अशी. तिचे मालक दातांचे डॉक्टर. नोंदणीचा अर्ज भरताना त्यांचा एक हात पेशंटच्या तोंडात होता. अर्जात पहिली ओळ होती ‘घोडीचे नाव’ आणि दुसरी ‘या नावास मालकाची हरकत आहे काय?’ डॉक्टरांनी दोन्ही उत्तरं बरोबर लिहिली, फक्त एकमेकांच्या जागी. त्यामुळे सरकारदरबारी घोडीचं नाव ‘हरकत नाही’ आणि मालकाची हरकत ‘चांदणी’. दोन्ही मंजूर झालं.

पण पोरीने नाव मनावर घेतलं. कुणीही ते दोन शब्द उच्चारले की कान टवकारते आणि आवाजाच्या दिशेने चालू लागते. म्हणून आत्याच्या तबेल्यात कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर एकच, “चालेल.” एकदा गवतवाला विसरला. त्याची टोपी अजून सापडलेली नाही.

“काय लिहिणार आहेस?” आत्याने विचारलं.

“एकच ओळ. नात्यातली घोडी असली की एकच ओळ, संपादकांचा नियम आहे.”

“मग ती तरी धड लिही, गधड्या.”

“आत्या, घोड्यांच्या तबेल्यात मला गधडा म्हणतेस?”

“मग काय म्हणू? इथे घोडा म्हटलं तर कौतुक होईल तुझं.”

मी हसलो. ती हसली नाही. ती पोरीच्या आयाळीतली एक काडी काढत होती. काडी निघाली तरी काढतच होती.

“मास्तर सोमवारचं काहीतरी म्हणत होते,” मी म्हणालो.

“डॉक्टर काल येऊन गेले. उद्या पहिली आली तर इथे राहील. नाही आली तर सोमवारी मास्तरांकडे. पंखा आहे म्हणे तिकडे.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? घोडी त्यांची.” तिने पोरीच्या नाकावर हात ठेवला. “हिला पंख्याची भीती वाटते रे.”

मी खूप विचार करून ओळ लिहिली : पाच पळतात, त्यांतली ही एक. संपादकांना ‘त्यांतली ही एक’मध्ये आत्याचा पक्ष घेतल्याचा वास आला. पुस्तिकेत छापून आलं : पाच पळतात.

शनिवारी दुपारी पाचही पळाल्या.

‘मधली सुट्टी’ने पाचशे मीटरपर्यंत सगळ्यांना धूळ चारली आणि मग तिला काहीतरी आठवलं. ‘दुसरं बोला’ने वाटेत तिचा हिशेब चुकता करायचा प्रयत्न केला, त्यात दोघी मागे पडल्या. पापणी उठली होती. याहून जास्त तिच्याबद्दल काही सांगता येणार नाही. शेवटच्या शंभर मीटरला राहिल्या दोघीच. प्रेक्षकांच्या कुंपणाच्या बाजूने सम्राज्ञी आणि तिच्या आतल्या बाजूने, अगदी बरोबरीने, आत्याची पोर.

माझ्या शेजारी आत्या मुठी आवळून उभी होती. डॉक्टर पार पुढे, कुंपणाला टेकून. नेमक्या त्याच वेळी मागच्या एका गृहस्थांनी डॉक्टरांच्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, “माफ करा हं!”

डॉक्टर सभ्य माणूस. त्यात आवाज खणखणीत. रोज तोंड उघडं असलेल्या लोकांशी एकट्यानेच बोलायची सवय. ते म्हणाले, “हरकत नाही! अहो, हरकत नाही!”

पोरीचा अर्धा वळलेला कान पुरता वळला. पाठोपाठ पोर वळली. सरळ कुंपणाकडे, म्हणजे सरळ सम्राज्ञीच्या पुढ्यात. सम्राज्ञीच्या जॉकीने लगाम खेचला, आमची पोर तिरकी तिरकी धावत डॉक्टरांना भेटायला निघाली, आणि भेट होण्याआधी शेवटची रेषा लागली, तेव्हा ती पुढे होती. एका मानेने.

“जिंकलो!” मी ओरडलो.

“वळली ती,” आत्या म्हणाली. “मी पाहिलं ना. वळली.”

बडे मास्तरांनीही पाहिलं होतं. शर्यतीनंतर दहा मिनिटांत लेखी हरकत घेता येते. मास्तर पंचांच्या कचेरीच्या खिडकीवर गेले आणि ठसठशीत अक्षरात अर्ज भरला. हरकत घेणारा : बडे मास्तर. कोणाविरुद्ध : हरकत नाही.

खिडकीतल्या कारकुनांची तीस वर्षं त्याच खुर्चीत गेली आहेत. ते अर्ज खालून वर वाचतात, कारण महत्त्वाचं ते शेवटी असतं. शेवटी होतं ‘हरकत नाही’. त्यांनी शिक्का मारला : नोंद घेतली, निकाल कायम. मास्तर तोवर आरशासमोर मिशी नीट करत होते. अकराव्या मिनिटाला ते परत आले.

“काय झालं माझ्या हरकतीचं?”

“तुम्हीच लिहिलंय, नाही म्हणून.”

“अहो, ते घोडीचं नाव आहे!”

“हरकतीच्या कागदावर घोडीचं नाव हरकत नाही?” कारकून म्हणाले. “मास्तर, जरा सावलीत बसा.”

इकडे आत्याच्या तबेल्यात डॉक्टर लंगडत आले. बक्षिसाचा कप त्यांच्या काखेत होता. आत्या पोरीच्या अंगावरचा घाम पुसत होती.

“कमाल केलीत बाई!” डॉक्टर म्हणाले. “आता माझं ठरलं. सोमवारी हिला मास्तरांकडे पाठवतो.”

आत्याचा हात थांबला. “पहिली आली तर राहील म्हणाला होतात.”

“तेव्हा ती जिंकेल असं कुठे वाटलं होतं? आता मोठ्या शर्यती पळेल ती. असा दात चार खणांच्या तबेल्यात ठेवायचा म्हणजे...” ते थबकले. “अशी घोडी, म्हणायचं होतं मला. राग नाही ना?”

आत्याच्या ओठावर दोन शब्द आले होते, मला दिसले. तिने पोरीकडे बघून ते गिळले.

“चालेल,” ती म्हणाली.

डॉक्टर गेले. आत्या पालथ्या बादलीवर बसली. पोरीने तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. तिन्ही निवृत्त घोडे आपापल्या खणांतून तिच्याकडे बघत राहिले, आणि या वेळी एकानेही मान हलवली नाही.

“हरली असती तरी गेली असती, जिंकली तरी चालली,” आत्या म्हणाली. “मग पळवली कशाला मी तिला?”

मला असल्या वेळी काय बोलावं कळत नाही. म्हणून मी नियम सांगतो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात नियम छापतात. ते जगात मी एकटा वाचतो, तेही मुद्रितं तपासायची म्हणून.

“आत्या, नियम एकोणचाळीस. ज्या घोड्याबाबत पंचांकडे कसलाही अर्ज पडून आहे, त्याचा तबेला बदलता येत नाही.”

“पण अर्ज कुठे आहे? मास्तरांच्या कागदाचा निकाल लागला.”

“दुसरा करायचा. घोडी वळली अशी तक्रार. हरकतीला दहा मिनिटं, तक्रारीला मुदत नाही.”

“माझ्याच घोडीविरुद्ध मी तक्रार करू?”

“वळली ना?”

“वळली,” आत्या म्हणाली. खोटं तिला आयुष्यात जमलेलं नाही. ती उठली. “पेन आहे का रे, घोड्या?”

माझ्या उभ्या आयुष्यातली ही पहिली बढती.

खिडकीवर कारकुनांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. “बाई, हे मंजूर होणार नाही.”

“मंजूर कुणाला हवंय? फेटाळू नका म्हणजे झालं.”

“फेटाळता कुठून येणार? फेटाळायला पंचांची बैठक लागते. बैठकीला मूळ हरकतीचा कागद लागतो. आणि मूळ कागदावर...” त्यांनी तो काढला, खालून वर वाचला, त्यावरचा आपलाच शिक्का पाहिला आणि कागद पुन्हा दुमडून ठेवला. मग आत्याचा अर्ज त्यांनी टेबलावरच्या सगळ्यात उंच गठ्ठ्यात, सगळ्यात खाली सरकवला. तीस वर्षांचा हात होता तो. एक कागद हलला नाही.

मागच्या रांगेत बडे मास्तर उभे होते. आत्याचा अर्ज निकाली निघाला तर पहिला नंबर सम्राज्ञीचा, आणि आमची पोरही त्यांचीच, पण त्यासाठी बैठकीत त्यांच्याच अक्षरातलं ‘हरकत नाही’ वाचलं जाणार. नंबर हवा की अब्रू, हे ते मिशीला विचारत होते.

अर्जाची नक्कल माझ्याकडे आहे, ती जशीच्या तशी देतो.

मा. पंच मंडळ यांस,

विषय : माझ्याच ताब्यातील घोडीच्या वर्तनाची चौकशी होणेबाबत.

महोदय, शनिवारच्या हजार मीटरच्या शर्यतीत सदर घोडी शेवटच्या शंभर मीटरमध्ये कुंपणाकडे वळली, हे मी स्वतः पाहिले आहे. ती का वळली याबद्दल जॉकी, मालक व प्रेक्षक यांची मते वेगवेगळी असून खरे कारण फक्त तिलाच माहीत आहे. तरी तिला पंच मंडळासमोर समक्ष बोलावून, कोणताही दबाव न आणता, तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, ते तिला वाचून दाखवावे, व मान्य असल्यास त्याखाली तिची सही घ्यावी. तोपर्यंत तिला सध्याच्याच तबेल्यात, पंख्याशिवाय, ठेवण्याचा आदेश व्हावा, ही नम्र विनंती.